तिसऱ्या, उरूस आणि कतारहून आलेला धाकटा

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की जगभरच्या मुसलमानांच्या एकीच्या गप्पा आपण मारतो पण आपली एकी बिघडते ती आपल्याच मोहल्ल्यात, मशिदीच्या पायरीवर. त्यावर भरपूर पत्रं आली, काही प्रेमाची, काही शिव्यांची. सगळी छापणं शक्य नाही, जी आतून लिहिलेली वाटली ती घेतो. नावं नेहमीप्रमाणे काढलीयेत.

सर, मी नगरकडची, हनफी घरातली. निकाह होऊन दापोली तालुक्यात आले, सासरी सगळे शाफई, म्हणजे मजहब (धर्मनियमांची वाट) वेगळा. इथे आठवड्यातून दोनदा तरी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं नाहीतर माकुल. मी खात नाही म्हटलं की सासूबाई म्हणतात, आम्ही काय हराम खातो? माहेरी अब्बा म्हणतात त्या भांड्यात शिजवू पण नकोस. त्यात चुकून माझा हात लागला की नवऱ्याचा वजू (नमाजआधीचं हातपाय धुणं) तुटतो म्हणे, तो उखडतो. एकच दीन (धर्म) ना, मग हे काय चाललंय? (एक सून, दापोली तालुका)

पोरी, आधी सासूबाईंना सांग की तू त्यांना हराम खाणारे म्हणत नाहीयेस, आणि अब्बांना सांग की सासरची भांडी पाक आहेत. हे दोन निरोप पोचले तरी निम्मं काम झालं.

आता मसला, म्हणजे धर्मनियमाचा प्रश्न. इमाम अबू हनीफांच्या मजहबात दर्यातली फक्त मासळी हलाल, म्हणजे सुरमई, बांगडा, पापलेट बिनधास्त खा, पण माकुल, तिसऱ्या, कालवं नाही. कोळंबीला मासा धरायचं की नाही यावर हनफी आलिम (धर्मपंडित) आपसातच भांडत आलेत आणि आपल्याकडचे बरेच जण खातात. शाफई मजहबात दर्यातलं जवळपास सगळंच हलाल. जवळपास म्हणतोय कारण कुर्ल्यांवर आमच्या शाफई किताबांतच दोन मतं आहेत, पाण्यात पण राहते आणि जमिनीवर पण राहते म्हणून काही मोठ्या आलिमांनी नको म्हटलंय, पण हे कोकणात जेवायच्या वेळेला बोलायची सोय नाही.

वजूचं पण तसंच. नवऱ्याच्या मजहबात बायकोच्या त्वचेला त्वचा लागली की वजू गेला, तुझ्या मजहबात नाही जात. उलट तू विळीवर मासळी कापताना बोट कापून घेतलंस आणि रक्त वाहिलं तर तुझा वजू गेला, त्याचं बोट कापलं तर त्याचा शाबूत. म्हणजे एकाच ओट्यापाशी उभे असलेले तुम्ही दोघं वेगवेगळ्या कारणाने नळाकडे पळणार. यात कोणी कमी मुसलमान होत नाही. नवऱ्याला सांग, उखडण्यापेक्षा परत वजू करायला कमी वेळ लागतो.

आणि हे मजहब काही दुश्मनांनी काढलेले पक्ष नव्हते गं. इमाम अबू हनीफा 767 मध्ये वारले, त्याच साली इमाम शाफई जन्मले. शाफईंनी मदिनेत इमाम मालिकांकडे शिकून घेतलं, मग बगदादला अबू हनीफांचेच शागिर्द इमाम मुहम्मद यांच्याकडे शिकले. पुढे इमाम अहमद बिन हंबल शाफईंकडे शिकले. सगळे एकमेकांचे उस्ताद-शागिर्द, आणि तरी मतं वेगळी, आणि तरी अदब कायम. एक रिवायत सांगतात की इमाम शाफईंनी बगदादला अबू हनीफांच्या कबरीजवळ फजरची (पहाटेची) नमाज पढली तेव्हा कुनूत (उभ्याने मागायची दुआ) पढला नाही. आपण शाफई लोक फजरला कुनूत पढतोच पढतो, हनफी पढत नाहीत. का सोडलात विचारलं तर म्हणाले, ह्या कबरीत झोपलेल्या माणसाच्या अदबीसाठी. आता आपल्याकडे कोणी पाहुणा हनफी मौलाना फजरला इमामतीला उभा राहिला आणि कुनूत सोडला की मागून खाकरण्याचे आवाज सुरू होतात, ते मी वेगळं सांगायला नको.

कोकणात शाफई आणि नगरला हनफी का, हे पण माहीत असू दे. आपल्याकडे दीन आला तो मुख्यतः दर्यावाटे, अरब व्यापाऱ्यांबरोबर. म्हणून कोकण, भटकळ, केरळ, श्रीलंका आणि पार इंडोनेशियापर्यंत सगळी किनारपट्टी शाफई. घाटावर आला तो उत्तरेकडून, तुर्क-अफगाणांच्या वाटेने, ते हनफी. तुझं लग्न म्हणजे घाट आणि खाडीचं लग्न आहे, दुसरं काही नाही. तू माकुल खाऊ नकोस, त्यांना खाऊ दे, आणि अब्बांच्या समाधानासाठी एखादा टोप वेगळा ठेवायचा तर ठेव, फक्त तो टोप सगळ्यांना दिसेल असा मांडणीवर पुढे ठेवू नकोस म्हणजे झालं.

चाचा, धाकटा भाऊ कतारहून परत आला. तिकडे खोलीवर क्लिपा बघून बघून आता सगळंच बिदअत (धर्मात नंतर घुसवलेलं) म्हणतो. अब्बा दर जुम्मेरातीला दर्ग्यावर जातात, उरसाला संदल (चंदनाची मिरवणूक) काढतात, तर हा म्हणतो शिर्क (अल्लाहबरोबर दुसऱ्याला पुजणं) आहे, मी ह्यांच्या मागे नमाज पढणार नाही. अब्बा पण कमी नाहीत, त्यांनी जमातीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याला वहाबी म्हटलं, तू मुसलमानच नाहीस म्हटलं. आता दोघांच्या बाजूने माणसं उभी राहिलीयेत आणि दुसऱ्या मशिदीसाठी वर्गणी काढायची भाषा चाललीये. (थोरला, म्हसळा)

बाबा रे, तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते असं की बाप आणि लेक दोघांनी एकच काम केलंय आणि दोघांनाही ते दुसऱ्याचंच दिसतंय. समोरच्या कलमा पढणाऱ्याला तू मुसलमान नाहीस म्हणणं, ह्याला तकफीर म्हणतात, आणि ह्याबद्दल बुखारी-मुस्लिम ह्या संग्रहांतली हदीस (पैगंबरांचं वचन) दोघांनाही पाठ असेल, की जो आपल्या भावाला काफिर म्हणतो त्याचं ते म्हणणं दोघांपैकी एकावर परत येतंच. पैगंबरांचे साथी उसामा बिन जैद यांचा किस्सा पण ऐकवून बघ. लढाईत समोरच्याने कलमा म्हटला तरी त्यांनी त्याला मारलं, का तर तो जिवाच्या भीतीने म्हणाला असेल, तेव्हा हुजूर, म्हणजे पैगंबर, म्हणाले, तू त्याचं काळीज फाडून बघितलंस काय? धाकट्याने अब्बांचं काळीज कधी बघितलं आणि अब्बांनी त्याचं कधी?

हे भांडण फक्त म्हसळ्याचं नाही. सगळ्या मुस्लिम जगात गेली कित्येक वर्षं हाच घोळ आहे आणि त्यात माणसं मेलीत, म्हणून 2004 च्या रमजानमध्ये जॉर्डनच्या राजाने अम्मानहून एक पैगाम काढला. मग जगातल्या 24 बड्या आलिमांना तीन सवाल पाठवले: मुसलमान कोण, कोणाला इस्लामबाहेर काढता येतं का, आणि फतवा द्यायचा हक्क कोणाचा. 2005 च्या जुलैमध्ये पन्नासेक देशांतले दोनशेच्या आसपास आलिम अम्मानला बसले आणि एकमताने म्हणाले की चारी सुन्नी मजहब, शिया जाफरी आणि जैदी, शिवाय इबादी आणि जाहिरी, अशा आठही वाटांवरचे लोक मुसलमान आहेत, त्यांना काफिर म्हणता येणार नाही. आणि तुमच्या घरासाठी मुद्द्याची गोष्ट म्हणजे त्यात साफ लिहिलंय की खऱ्या तसव्वुफवर (सूफी वाटेवर) चालणाऱ्यालाही काफिर म्हणायचं नाही आणि खऱ्या सलफी (पहिल्या पिढ्यांसारखंच वागा म्हणणाऱ्या) विचाराच्यालाही नाही. म्हणजे अब्बा पण त्यात आले आणि धाकटा पण. सह्या करणाऱ्यांत कैरोच्या अझहर विद्यापीठाचे शेख होते, इराकचे आयतुल्ला सिस्तानी होते. तसं हे काही एकदम आकाशातून पडलं नव्हतं, अझहरच्या शेख शल्तूतांनी 1959 मध्येच फतवा दिला होता की शियांच्या जाफरी मजहबावर चालणं जायज आहे.

मग त्याने काय झालं? लगेच काही नाही झालं. पुढच्याच वर्षी, 2006 च्या फेब्रुवारीत, इराकमध्ये सामर्राचा शियांचा रौजा (मजार) उडवला आणि शिया-सुन्नी एकमेकांचे गळे कापत सुटले. 2014 मध्ये मोसुलमध्ये ज्या आयसिसवाल्यांनी खिलाफतीचं दुकान मांडलं त्यांनी कुठल्या जाहीरनाम्याला विचारलं होतं? त्यांना 126 आलिमांनी खुलं पत्र लिहून मुद्द्यागणिक खोडून काढलं, तरी बंदूकवाला बंदूक ठेवत नाही. राजेलोकांचे जाहीरनामे राजवाड्यातच राहतात असं माझं मत आहे, पण म्हणून ते फुकट असं मी म्हणणार नाही. मोहल्ल्यातला एखादा वक्ता माइक हातात घेऊन अर्ध्या गावाला काफिर ठरवायला निघाला की त्याला थांबवणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी कागद लागतो, तो हा.

आता मसल्यावर येतो. धाकट्याचं सगळंच चूक नाही. कबरीला सजदा करू नये हे दर्ग्याला मानणारे आलिम पण सांगतात, बरेलीच्या आला हजरतांनी (अहमद रजा खान) स्वतः त्याच्याविरुद्ध लिहिलंय. अब्बांचं पण सगळं चूक नाही. कबरींची जियारत (भेट) करा, असं हुजूरांनीच सांगितल्याची सही (खात्रीची) हदीस आहे. म्हणजे कबरीवर जाणं यावर भांडण नाहीच, तिथे जाऊन काय करायचं यावर आहे, आणि त्यावर बाप-लेक बसून बोलू शकतात, मीटिंगमध्ये नाही, घरी, चहा पिताना.

धाकट्याला अजून एक विचार. दर्गा म्हणजे अडाण्यांचं काम असं त्याला वाटतं ना, मग माहीमचे मखदूम अली माहिमी कोण होते? 1372 ते 1431, आपल्याच किनाऱ्यावरचे, आपल्यासारखेच शाफई. कुराणाची अरबीत तफसीर (भाष्य) लिहिणारा माणूस, फकीह (धर्मनियमांचा जाणकार) पण आणि सूफी पण. आज त्यांच्या उरसाला मुंबईचे पोलिस मानाची चादर घेऊन जातात एवढंच लोकांना ठाऊक, त्यांची किताब कोणी उघडत नाही. अब्बांना पण हेच विचार, की संदलाच्या बँडवर जेवढा खर्च होतो त्याच्या चार आणे तरी मदरशातल्या पोरांच्या पुस्तकांवर होतो का?

दुसरी मशीद मात्र होऊ देऊ नका. आपल्या किनाऱ्यावर अशी गावं आहेत जिथे पन्नास घरांना दोन मशिदी, दोन जमाती, आणि मयत झाली की आधी चर्चा ही की कबरस्तानची चावी कोणत्या जमातीकडे. चावीसाठी अर्धा-अर्धा तास जनाजा थांबलेला असतो. वर्गणीचा कागद फिरायच्या आत थोरला म्हणून तू जमातीच्या दोन-तीन बुजुर्गांना घेऊन बस आणि एवढंच मंजूर करून घे की मशिदीत कोणी कोणाच्या ईमानावर बोलणार नाही, बाकी ज्याला मौलूदला (पैगंबरांच्या स्तुतीच्या बैठकीला) बसायचंय तो बसेल, नाही तो नाही.

तुमचा कॉलम मी वाचतो, मी हिंदू आहे. खरं सांगतो, मुस्लिम एकी म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. एकी कोणाविरुद्ध? आणि सहिष्णुतेच्या गोष्टी तुम्ही आपसातल्याच करता, आमच्याबद्दल तुमचे आलिम काय म्हणतात? सुधारणा करायला गेले त्या हमीद दलवाईंना तर तुम्ही जवळ केलं नाही. (वाचक, गुहागर)

रोखठोक विचारलंत, बरं वाटलं. दलवाईंपासूनच सुरू करतो. ते चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, म्हणजे आपल्या दोघांच्याही शेजारचे. 18 एप्रिल 1966 ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा त्यांनी विधान भवनावर नेला, एकतर्फी तलाक बंद करा म्हणून. सात. आज ऐकायला आकडा छोटा वाटतो पण त्या काळात रस्त्यावर येणाऱ्या त्या सात जणींचं काळीज केवढं असेल विचार करा. 1970 मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि 1977 मध्ये पंचेचाळीशीच्या आतच गेले. समाजाने त्यांना जवळ केलं नाही हे खरंय. त्यांची टीका धर्माच्या बाहेर उभं राहून होती, म्हणून मोहल्ल्याने कान बंद केले, पण जो मुद्दा होता तो खराच होता आणि एका बैठकीतला तीन तलाक सुप्रीम कोर्टाने रद्द केला तेव्हा 2017 साल उजाडलं होतं. हे काम आमच्या आलिमांनी आधी स्वतःहून करायला हवं होतं, कोर्टाची वाट बघायला नको होती. मी हे लिहिलं की मला फोन येतात, येऊ देत.

आता आलिम तुमच्याबद्दल काय म्हणतात. सगळे एकसारखं म्हणत नाहीत, काही जण अजून जुन्या सल्तनतीच्या काळातली भाषा बोलतात आणि ती मला पण आवडत नाही. पण दुसरी बाजू तुमच्यापर्यंत पोचत नाही म्हणून सांगतो. इंडोनेशियात नहदलातुल उलमा नावाची संघटना आहे, 1926 ची, करोडोंनी माणसं मानतात तिला, आणि मजहब आपलाच, शाफई. 2019 मध्ये पश्चिम जावातल्या बंजार गावी त्यांच्या आलिमांची परिषद झाली आणि त्यांनी ठरवलं की देशात राहणाऱ्या गैरमुस्लिमांना काफिर म्हणायचं नाही, त्या शब्दाने माणूस दुखावतो, त्यांना बरोबरीचे नागरिक म्हणायचं. त्यावर तिकडे पण बोंबाबोंब झाली, पण ते मागे हटले नाहीत. त्याआधी 2016 मध्ये मोरोक्कोत मराकेशला आलिम जमले होते आणि त्यांनी हुजूरांच्या मदिनेच्या कराराचा हवाला देऊन सांगितलं की मुस्लिम देशांत अल्पसंख्याकांना पूर्ण नागरिकाचे हक्क असले पाहिजेत. अबू धाबीला 4 फेब्रुवारी 2019 ला पोप फ्रान्सिस आणि अझहरचे शेख अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. तुम्ही म्हणाल पोपबरोबर केल्या, हिंदूंबरोबर कुठे. बरोबर आहे, ते काम आपल्याकडे आपणच करायचंय, त्यासाठी कोणी अबू धाबीहून येणार नाही.

एकी कोणाविरुद्ध, ह्याचं उत्तर मी माझ्यापुरतं देतो. कुराणात दोरी घट्ट धरा, फुटू नका असं आहे, तसंच तुम्हाला वेगवेगळ्या कौमांत बनवलं ते एकमेकांना ओळखावं म्हणून, असं पण आहे, आणि ती आयत सगळ्या माणसांना उद्देशून आहे. जो मौलाना पहिली ऐकवतो आणि दुसरी गाळतो त्याच्यापासून मी लांब बसतो. आणि आपल्याकडे तुम्हाला वेगळं सांगायला नको, केळशीच्या याकूबबाबांना शिवाजी महाराज मानायचे ही गोष्ट तुमच्या आणि आमच्या दोन्ही घरांत सांगतात, रत्नागिरीजवळच्या हातीसच्या उरसाला दोन्हीकडची माणसं जातात. फक्त हल्ली त्या गोष्टी आपण भाषणात सांगतो आणि घर भाड्याने द्यायची वेळ आली की दोघंही आधी आडनाव विचारतो. हा तुमच्यावर टोमणा नाही, आमच्या मोहल्ल्यात पण हेच चालतं.

सर, मी एफवायला आहे. पाच वेळ नमाज पढते पण मन लागत नाही, सजद्यात सुद्धा इन्स्टा आठवतं. रमजानमध्ये चार दिवस बरं वाटतं मग परत तेच. आणि मशिदीत जाऊन बसावं म्हटलं तर आमच्याकडे बायकांना जागाच नाही. मग रूहानी वगैरे फक्त पुरुषांसाठीच आहे काय? (रत्नागिरी)

बेटा, तू काही पहिली नाहीस. इमाम गजाली, हे पण शाफईच, बगदादच्या निजामिया मदरशात त्या काळचे सगळ्यात मोठे उस्ताद, शेकड्यांनी शागिर्द समोर बसायचे. आणि 1095 मध्ये त्यांना कळून चुकलं की आपण हे सगळं अल्लाहसाठी नाही, नावासाठी करतोय. स्वतःच लिहून ठेवलंय त्यांनी की जीभच चालेना, शिकवायला बसलो तर शब्द फुटेना, जेवण उतरेना. मग सगळं सोडून दमिश्कला गेले, जेरुसलेमला गेले, हज केला, वर्षानुवर्षं एकांतात राहिले. परत आले तेव्हा त्यांचं सांगणं असं होतं की नमाजचे अरकान (क्रिया) शिकवणारे भरपूर आहेत, पण नमाजमध्ये दिल हजर कसं ठेवायचं हे कोणी शिकवत नाही. आपल्याकडे पण तेच झालंय. टखन्याच्या (घोट्याच्या) वर पायजमा किती बोटं यावर तास तास बयान होतं आणि हसद (मत्सर), घमंड, गीबत (पाठीमागे निंदा) यावर कोणी बोलत नाही, कारण त्यात बोलणाऱ्याला पण अडचण होते.

तू एवढं कर, मगरिबला (सूर्यास्ताच्या नमाजला) फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि ज्या छोट्या सुरा तुला पाठ आहेत त्यांचा मराठी तर्जुमा एकदा नीट वाच. काय बोलतोय ते कळलं की मन थोडं तरी थांबतं. बाकी सुटेल हळूहळू, रागावू नकोस स्वतःवर.

मशिदीचं मात्र मी तुझ्या बाजूने आहे. अल्लाहच्या बंद्यांना, म्हणजे बायकांना, अल्लाहच्या मशिदीपासून अडवू नका ही हदीस बुखारीत आहे. 2020 मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेच सुप्रीम कोर्टात लिहून दिलंय की बायकांना मशिदीत नमाजला यायची मनाई नाही. मग जागा का नाही तर कमिटीत बाई नाही म्हणून. शौचालय, वजूखाना, पडदा, वेगळा जिना, हे खर्चाचं कारण सांगतात आणि मग मिनारावर गल्फच्या पैशातून लायटिंग करतात. इंडोनेशियात तर 2017 मध्ये चिरेबोनला बाई आलिमांची परिषद भरली आणि त्यांनी बालविवाहाविरुद्ध, बायकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध, आणि चक्क जंगल-नदी नासवण्याविरुद्ध फतवे दिले. पुढे 2019 मध्ये तिथे मुलीच्या लग्नाचं वय 16 वरून 19 झालं. तुझ्यासारख्या चार-पाच मुलींनी आपापल्या आयांना घेऊन जमातीला अर्ज द्यायचा, तोंडी नाही, लेखी, आणि पोच घ्यायची. रमजानच्या तरावीहपासून (रात्रीच्या जादा नमाजपासून) सुरुवात करायला सांगा, तेव्हा नाही म्हणणं त्यांना जड जातं.

चाँदच्या भांडणावर काहीतरी लिहा. सौदीत ईद झाली की मुलगा तिकडून व्हिडिओ कॉल करून ईद मुबारक म्हणतो आणि आम्ही इकडे रोज्यात. घरात दोन गट पडतात. (श्रीवर्धन)

ह्यात भांडण्यासारखं काही नाही. सौदी आपल्या पश्चिमेला, तिकडे सूर्य उशिरा मावळतो, चाँद आपल्याआधी दिसायची शक्यता जास्त. शाफई मजहबात जिथला उदय वेगळा तिथला चाँद वेगळा, हनफींमध्ये एका ठिकाणी दिसला की सगळीकडे लागू असं जुनं मत आहे, म्हणून दोन्हीकडचे लोक किताब दाखवू शकतात. तिर्मिजीत हदीस आहे की रोजा त्या दिवशी ज्या दिवशी तुम्ही सगळे रोजा ठेवता आणि ईद त्या दिवशी ज्या दिवशी सगळे ईद करता. म्हणून आपल्या इलाक्याच्या हिलाल कमिटीने जो दिवस जाहीर केला तो धरा, व्हॉट्सॲपवर रात्री साडेअकराला आलेला फोटो धरू नका. मुलाला सांगा त्याची ईद त्याला मुबारक, तुमची उद्या.

मेहेरच्या रकमेवर आणि लग्नातल्या जेवणावळीच्या खर्चावर बरीच पत्रं साठलीत, ती पुढच्या अंकात घेतो.